डिजिटल पेनने भरलेल्या छापील फॉर्ममधील नोंदी अर्धवट उतरतात तेव्हा : कारणे आणि उपाय

गावोगावच्या बालआरोग्य पाहणीसाठी आम्ही गेली काही वर्षे छापील फॉर्म आणि डिजिटल पेन ही जोडी वापरत आहोत. पाहणी करणाऱ्या ताई नेहमीसारखे कागदावर लिहितात, कागद त्या कुटुंबाच्या फाइलमध्ये राहतो आणि पेनात साठलेल्या रेघा संध्याकाळी तालुक्याच्या ठिकाणी संगणकात उतरवल्या की तोच फॉर्म, त्याच हस्ताक्षरासह, पडद्यावर दिसतो. विजेचा आणि नेटवर्कचा भरवसा नसलेल्या पाड्यांवर या पद्धतीचा आम्हाला फार उपयोग झाला आहे. म्हणूनच तिच्यातला एक दोष दर काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढू लागला, तेव्हा तो मुळापासून समजून घेणे आम्हाला आवश्यक वाटले.

दोष असा की कागदावर सर्व रकाने भरलेले असतात, पडद्यावर मात्र काही रकाने रिकामे दिसतात. काही शब्द मध्येच तुटलेले असतात आणि क्वचित प्रसंगी एका मुलाचे वजन दुसऱ्याच मुलाच्या फॉर्मवर उमटलेले असते. हे बहुधा फॉर्मचा नवा गठ्ठा छापून आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. सुरुवातीला आम्ही प्रत्येक वेळी पेनालाच दोष दिला. दोनदा पेने दुरुस्तीला पाठवली आणि दोन्ही वेळा ती ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आली. दरम्यान पाहणीचे तीन आठवडे वाया गेले. आज अशी तक्रार आली की मी पेन शेवटी तपासतो आणि आधी कागद हातात घेतो, कारण बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा छपाईत किंवा त्या कागदाच्या संगणकातील नोंदीत असते. ते कसे ओळखावे आणि दुरुस्त करावे, हे पुढे सविस्तर दिले आहे.

पेनाला अक्षरे दिसत नाहीत, ठिपके दिसतात

आपण काय लिहितो याकडे हे पेन लक्ष देत नाही. त्याच्या टोकाशेजारी एक लहान कॅमेरा आणि अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकणारा दिवा असतो. टोक कागदावर दाबले गेले की कॅमेरा सेकंदाला ५०हून अधिक छायाचित्रे घेऊ लागतो. त्या छायाचित्रांत तो शोधत असतो ते कागदभर पसरलेले सूक्ष्म ठिपके, जे आपल्या डोळ्यांना दुरून नुसती फिकट राखाडी झाक वाटतात. स्वीडनमधील अनोटो कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीत हे ठिपके ०.३ मिलिमीटर अंतराच्या एका अदृश्य जाळीच्या छेदबिंदूंजवळ असतात, परंतु नेमका छेदबिंदूवर एकही नसतो. प्रत्येक ठिपका वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे किंचित सरकवलेला असतो. या चार दिशा म्हणजे त्या लिपीतील चार अक्षरेच होत. सहा ओळी आणि सहा स्तंभ, म्हणजे ३६ ठिपक्यांचा, दोन मिलिमीटरहूनही लहान चौकोन वाचला की आपण कुठे आहोत हे पेनाला कळते. या पद्धतीने ज्यावरील प्रत्येक जागेचा पत्ता वेगळा राहील, असा सलग कागद मांडला तर त्याचे क्षेत्रफळ ६ कोटी चौरस किलोमीटरहून अधिक भरते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे हा कागद महाराष्ट्राच्या सुमारे दोनशे पट झाला. आपल्या फॉर्मचे एक पान हा त्या प्रचंड काल्पनिक कागदातून कापून घेतलेला ए-फोर मापाचा तुकडा असतो आणि ‘हा तुकडा म्हणजे अमुक फॉर्मचे तमुक पान’ ही नोंद संगणकात असते.

छापील कागद आणि डिजिटल माहिती यांना जोडणारा दुवा एवढाच आहे, आणि म्हणूनच तो दोनच ठिकाणी तुटू शकतो. ठिपके पेनाला दिसले नाहीत तर रेघ साठवलीच जात नाही. ठिपके दिसले पण त्या पत्त्याची संगणकातील नोंद चुकीची असली तर रेघ भलत्याच जागी जाऊन बसते. रेघ हरवली आहे की भरकटली आहे, हा निवाडा सर्वप्रथम करावा, कारण दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

एक गोष्ट खरेदी करतानाच लक्षात ठेवावी. ठिपक्यांच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. कोरियातील निओलॅब कंपनीचा एन-कोड आणि अनोटोचा नमुना दिसायला सारखे वाटले तरी एका पद्धतीचे पेन दुसऱ्या पद्धतीच्या कागदावर चालत नाही. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या पुरवठादारांकडून साहित्य घेतलेल्या कार्यालयांत या दोन प्रकारचे कागद एकाच कपाटात सापडू शकतात, आणि तसे झाल्यास एकही रेघ उतरत नाही.

आधी दहा मिनिटांची तपासणी

तक्रार असलेले पेन, चांगले चालत असल्याची खात्री असलेले दुसरे पेन, पेनासोबत आलेली मूळ वही, जुन्या गठ्ठ्यातील एक कोरा फॉर्म आणि नव्या गठ्ठ्यातील एक कोरा फॉर्म एवढे साहित्य टेबलावर घ्यावे. प्रत्येक कागदावर वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत साधारण दोन सेंटिमीटर अंतराने तिरप्या सलग रेघा ओढाव्यात. त्या मथळ्यावरून, चौकटींच्या कडांवरून, राखाडी पट्ट्यांवरून आणि बोधचिन्हावरून मुद्दाम न्याव्यात. भरलेला फॉर्म या तपासणीसाठी कधीही वापरू नये. नंतर दोन्ही पेनांतील रेघा संगणकात उतरवून त्या कागदाशेजारी ठेवून पाहाव्यात.

वहीवर दोन्ही पेनांच्या रेघा सलग असतील आणि नव्या फॉर्मवर दोन्हींच्या तुटत असतील, तर पेने निर्दोष आहेत. रेघ कुठे तुटते हे नीट पाहिले तर कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. ती केवळ छापील मजकुरावर, चौकटींच्या जाड रेषांवर किंवा छायांकित रकान्यांत तुटत असेल, तर फॉर्मच्या काळ्या रंगात चूक आहे. कागदावर उभे किंवा आडवे पट्टे पडल्यासारखी तुटत असेल, तर प्रिंटरमधील टोनर (शाईची भुकटी) संपत आला आहे किंवा ती भुकटी कागदावर उतरवणारा ड्रम झिजला आहे. सर्व पानभर कुठेच उमटत नसेल, तर ठिपकेच नीट छापले गेलेले नाहीत. रेघ फक्त अगदी कडेला नाहीशी होत असेल तर तो दोष समजू नये, कारण बहुतेक लेझर प्रिंटर कागदाच्या चारही कडांना काही मिलिमीटर जागा छापतच नाहीत. त्या जागेत रकाना ठेवू नये इतकेच. वहीवरही एकाच पेनाची रेघ तुटत असेल, तरच पेनाकडे वळावे.

फॉर्मचा काळा आणि ठिपक्यांचा काळा

आमच्या तक्रारींचे सर्वांत मोठे कारण हेच निघाले. आपल्या डोळ्यांना काळा तो काळाच दिसतो, पण पेनाच्या अवरक्त कॅमेऱ्याला दोन प्रकारचे काळे अगदी वेगवेगळे दिसतात. लेझर प्रिंटरच्या काळ्या टोनरमध्ये आणि ऑफसेटच्या (छापखान्यात प्लेटवरून होणाऱ्या छपाईच्या) काळ्या शाईत सामान्यतः कार्बन असतो आणि कार्बन अवरक्त प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे तो कॅमेऱ्याला गडद काळा दिसतो. निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाया एकमेकींवर छापून जो काळा तयार होतो तो डोळ्यांना जवळपास तितकाच काळा वाटतो, मात्र अवरक्त प्रकाश त्याच्या आरपार जातो आणि कॅमेऱ्याला त्या जागी कोरा कागद दिसतो.

यातून छपाईचा मूळ नियम तयार होतो. ठिपके नेहमी कार्बनयुक्त काळ्या रंगात छापावेत आणि फॉर्मचा बाकी सर्व मजकूर, म्हणजे मथळा, प्रश्न, चौकटी, सूचना आणि बोधचिन्ह, काळ्या रंगाचा लवलेशही न वापरता उरलेल्या तीन रंगांतून छापावा. हा नियम मोडला की प्रश्नाच्या अक्षरांखालचे ठिपके त्या अक्षरांच्या काळ्यात बुडून जातात. बारीक अक्षरांनी फारसे बिघडत नाही, कारण आजूबाजूचे ठिपके वाचून पेन काम भागवते. जाड मथळे, जाड चौकटी आणि विशेषतः राखाडी छायांकित रकाने मात्र घातक ठरतात. राखाडी छटा छापताना यंत्र प्रत्यक्षात काळ्या टोनरचे बारीक टिंबच पसरवते, आणि त्या टिंबांच्या गर्दीत खरे ठिपके कोणते हे पेनाला ओळखता येत नाही. ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असे लिहिलेला राखाडी रकाना सुंदर दिसतो, पण आमच्या एका फॉर्ममध्ये नेमका त्यातच बालकाचा नोंदणी क्रमांक लिहायचा होता आणि तो एकाही फॉर्मवर उतरला नाही.

रंग योग्य निवडूनही हा दोष पुन्हा उद्भवू शकतो, आणि तो पुन्हा पुन्हा येण्याचे खरे कारण इथे आहे. मांडणी करणाऱ्याने मजकूर तीन रंगांच्या मिश्रणात ठेवला असला, तरी अनेक प्रिंटरचे ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे संगणकातील प्रोग्राम) टोनर वाचवण्यासाठी किंवा अक्षरे ठसठशीत यावीत म्हणून असा काळा आपोआप शुद्ध काळ्या टोनरमध्ये बदलतात. छापखान्यातही प्लेट तयार करताना तोच बदल चांगल्या हेतूने केला जातो, कारण नेहमीच्या कामात चार रंगांऐवजी एका रंगात अक्षरे छापणे हेच शहाणपणाचे असते. मशीनमन बदलला, ड्रायव्हर नव्याने टाकला किंवा काम दुसऱ्या छापखान्यात गेले की मागच्या वेळी समजावून सांगितलेली गोष्ट पुसली जाते. त्यामुळे कामाच्या पत्रातच स्पष्ट लिहावे : काळ्या प्लेटवर फक्त ठिपके असतील, दुसरे काहीही नाही. त्यानुसार काळ्या प्लेटचा वेगळा नमुना मागवावा. त्यावर एक अक्षर जरी दिसले तरी छपाई थांबवावी. मजकूर काळाच दिसला पाहिजे हा आग्रहही सोडून द्यावा, असे माझे मत आहे. गडद निळ्या किंवा हिरव्या रंगातील फॉर्मला हा धोका फारच कमी असतो आणि वाचायलाही अडचण येत नाही.

छापून आलेला गठ्ठा तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. रात्री अवरक्त दिव्यांवर चालणारा साधा सीसीटीव्ही कॅमेरा आज बहुतेक ठिकाणी असतो. अंधाऱ्या खोलीत त्याच्यासमोर फॉर्म धरावा. चौकटी आणि मथळे नाहीसे झाले तर छपाई बरोबर आहे. ते ठळक दिसत राहिले तर त्यांत कार्बन आहे. ठिपके इतक्या दुरून दिसणार नाहीत, पण या तपासणीत आपल्याला ते पाहायचेही नसतात.

इंकजेट प्रिंटरबाबत नेमकी उलट अडचण येते. त्यांतील काही काळ्या शाया विरघळणाऱ्या रंगद्रव्याच्या असतात आणि त्यांत कार्बन नसतो. अशा शाईने छापलेले ठिपके भिंगातून अगदी व्यवस्थित दिसतात, पेनाला मात्र संपूर्ण पान कोरे भासते. शिवाय साध्या कागदावर ही शाई पसरते आणि ठिपक्यांचे आकार बिघडतात. ठिपक्यांच्या छपाईसाठी इंकजेट टाळणेच योग्य.

एका पिक्सेलवर उभा असलेला दुवा

जाळीच्या छेदबिंदूपासून ठिपका सरकतो तो सुमारे ०.०५ मिलिमीटर. दर इंचाला ६०० बिंदू छापणाऱ्या प्रिंटरचा एक बिंदू ०.०४२ मिलिमीटरचा असतो. म्हणजे ठिपका वर सरकला आहे की डावीकडे, ही संपूर्ण माहिती त्या प्रिंटरच्या जेमतेम एका बिंदूच्या फरकावर उभी असते. दर इंचाला ३०० बिंदू छापणाऱ्या यंत्रात एक बिंदू ०.०८५ मिलिमीटरचा होतो आणि तो फरक छापणेच शक्य राहत नाही. ६०० ही किमान मर्यादा का मानतात, ते या हिशोबावरून स्पष्ट व्हावे.

एवढ्या नाजूक गोष्टीला पीडीएफपासून कागदापर्यंतच्या प्रवासात कुठेही धक्का लागू शकतो. सर्वांत जास्त नुकसान करतो तो प्रिंटच्या खिडकीतील ‘फिट टू पेज’ हा पर्याय. तो पान ९६-९७ टक्क्यांपर्यंत आक्रसतो. केवळ आकार लहान होण्याने पेनाचे फारसे अडत नाही, कारण ठिपके आणि चौकटी एकाच प्रमाणात लहान होतात. परंतु आक्रसताना संगणक प्रत्येक ठिपका नव्याने बिंदूंवर बसवतो आणि त्या गडबडीत काही ठिपके एका बिंदूने इकडचे तिकडे होतात, काही जाड होतात आणि काही एकमेकांना चिकटतात. त्यामुळे रेघ कधी उतरते, कधी उतरत नाही, आणि दोष पकडणे कठीण होते. ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के हाच पर्याय ठेवावा. ‘प्रिंट ॲज इमेज’, टोनर बचत आणि कडा गुळगुळीत करणारे सर्व पर्याय बंद ठेवावेत.

फाइल पाठवण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. छापखान्याला फाइल व्हॉट्सॲपवर छायाचित्राच्या रूपात पाठवली किंवा तिचे जेपीईजीमध्ये रूपांतर केले, तर लहान ठिपके सर्वांत आधी बिघडतात, कारण आकार कमी करणारी ही तंत्रे नेमका असा बारीक तपशीलच टाकून देतात. मूळ पीडीएफ जशीच्या तशी, दस्तऐवज म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्यावी आणि ती छापखान्यातील कोणत्याही चित्रसंपादन प्रणालीत उघडून पुन्हा जतन करू नये.

काही जण खर्च वाचवण्यासाठी चौकटी आणि मजकूर ऑफसेटवर आधीच छापून घेतात आणि नंतर त्या कागदांवर लेझर प्रिंटरने फक्त ठिपके चढवतात. ही पद्धत चालते, मात्र तिच्यात कागद सरकण्याचा धोका असतो. ट्रेमध्ये कागद दोन-तीन मिलिमीटर जरी तिरका गेला, तरी ठिपक्यांचा पत्ता आणि चौकटीची जागा यांत तेवढाच फरक पडतो आणि ‘होय’च्या चौकटीतील खूण संगणकाला ‘नाही’च्या चौकटीत दिसू शकते. अशा फॉर्ममध्ये दोन चौकटींत किमान एक सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी आणि प्रत्येक पानाच्या दोन कोपऱ्यांत अधिक चिन्हाची (+) खूण छापून, लिहिण्यास सुरुवात करण्यापूर्वी कार्यकर्तीला त्या दोन खुणांवर पेन टेकवायला सांगावे. त्यावरून सरकलेले अंतर संगणकात दुरुस्त करता येते.

झेरॉक्स काढलेला फॉर्म

फॉर्म कमी पडले की जवळच्या दुकानातून झेरॉक्स काढून काम भागवणे ही आपली सवय आहे आणि एरवी तिच्यात काही गैर नाही. ठिपक्यांच्या फॉर्मबाबत मात्र ती दोन प्रकारे नडते. साध्या यंत्रावरची झेरॉक्स ठिपके धूसर करते आणि रेघा हरवतात. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, कारण चूक लगेच लक्षात येते. चांगल्या यंत्रावरची प्रत मात्र पेनाला वाचता येते, आणि मग दोन कागदांचा पत्ता एकच होतो. सोमवारी मूळ फॉर्मवर एका मुलाची आणि मंगळवारी त्याच्या झेरॉक्सवर दुसऱ्या मुलाची माहिती लिहिली, तर संगणकाच्या दृष्टीने ते एकाच पानावर झालेले लेखन असते आणि दोन्ही हस्ताक्षरे एकमेकांवर चढतात. एका मुलाचे वजन दुसऱ्याच्या फॉर्मवर दिसण्याचा जो प्रकार मी सुरुवातीला सांगितला, त्याचे मूळ इथे होते.

प्रत्येक प्रतीला स्वतंत्र पत्ता द्यायचा असेल तर प्रत्येक कागदावरील ठिपके वेगळे हवेत. ते ऑफसेटच्या एकाच प्लेटवरून मिळू शकत नाहीत, त्यासाठी डिजिटल छपाई लागते आणि ती महाग पडते. सर्व प्रतींवर एकच नमुना ठेवायचा असेल, तर कोणत्या रेघा कोणत्या मुलाच्या हे ठरवण्यासाठी दुसरा आधार लागतो. आम्ही दुसरा मार्ग घेतला आहे. प्रत्येक फॉर्मच्या सुरुवातीला ‘नवीन फॉर्म’ अशी चौकट असते आणि शेवटी ‘पूर्ण’ अशी. पेन प्रत्येक रेघेसोबत वेळ नोंदवते, त्यामुळे या दोन खुणांमधील सर्व रेघा एका मुलाच्या मानता येतात. यासाठी पेनाचे घड्याळ अचूक असणे अत्यंत आवश्यक आहे. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही पेनांचे घड्याळ मागे पडते, म्हणून दर सकाळी पेन एकदा संगणकाला जोडून वेळ जुळवून घ्यावी. एखादी ताई अर्धा फॉर्म भरून दुसरा फॉर्म हाती घेत असेल आणि नंतर पहिल्याकडे परत येत असेल, तर ही पद्धत तिच्यासाठी चालणार नाही. तिला स्वतंत्र पत्त्यांचे फॉर्मच द्यावे लागतात.

सुधारलेला फॉर्म आणि जुना कागद

छपाई निर्दोष असूनही नोंदी चुकीच्या रकान्यात जाऊ लागल्या, तर मी सर्वप्रथम विचारतो की फॉर्ममध्ये अलीकडे काही बदल केला आहे का. कागदाची आणि संगणकातील फॉर्मची जोडी एकदा जुळवली की ती कायमची जुळली असे आपण मानतो. पण संगणकातील फॉर्म बदलतो आणि गावात गेलेला कागद बदलत नाही. एखादा प्रश्न मध्ये घातला, त्यामुळे खालचे रकाने एक सेंटिमीटरने सरकले, आणि नवी मांडणी जुन्याच पत्त्यावर चढवली की गावात अजून वापरात असलेल्या जुन्या फॉर्मवरील वजन नव्या फॉर्मच्या उंचीच्या रकान्यात जाऊन पडते. रेघा व्यवस्थित उतरलेल्या असल्याने कोणाला शंकाही येत नाही.

अमेरिकेतील मेरीलंड विद्यापीठात असताना फ्रांस्वा गिम्ब्रेतिएर यांनी २००३ साली कागद आणि डिजिटल दस्तऐवज यांना एकाच दस्तऐवजाची दोन रूपे मानणारी मांडणी केली. तिच्यात कागदावर केलेल्या खुणा परत आणून मूळ डिजिटल प्रतीत मिसळता येतात. आमच्या अनुभवावरून तीत मी एवढेच जोडेन की कागदावरची खूण मिसळायची ती ज्या आवृत्तीवरून तो कागद छापला गेला त्याच आवृत्तीत. आज संगणकात असलेल्या आवृत्तीत नव्हे. यासाठी नियम सोपा आहे, मात्र तो न चुकता पाळावा लागतो : फॉर्ममध्ये एका ओळीचाही बदल केला, तरी नव्या पत्त्याची पाने घ्यावीत आणि जुन्या पत्त्याची नोंद जशीच्या तशी राहू द्यावी. पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि छपाईचा महिना डोळ्यांना वाचता येईल असा छापावा. जुने कोरे फॉर्म परत मागवून नष्ट करता आले तर उत्तमच, पण ते सगळे परत येतील या भरवशावर राहू नये.

रिफिल, शिक्के आणि प्लास्टिकचे आवरण

हे विषय लहान आहेत. पेनासोबत आलेली रिफिल संपल्यावर तीच मागवावी. अनेक पेनांत ६७ मिलिमीटरची डी-वन मापाची रिफिल बसते आणि ती बाजारात सहज मिळते; मात्र तिची शाई कार्बनयुक्त काळी असेल तर लिहिलेल्या अक्षरांखालचे ठिपके झाकले जातात आणि त्याच जागी खाडाखोड किंवा गिरवण केल्यास दुसरी रेघ उतरत नाही. निळी शाई वापरावी. शिसपेन्सिलीने आधी लिहून नंतर पेनाने गिरवण्याची सवय काही ताईंना असते. शिशातील ग्रॅफाइटही अवरक्त प्रकाश शोषते, म्हणून ती सवय प्रेमाने सोडवावी लागते. कार्यालयाचा शिक्का लिहिण्याच्या जागेपासून दूर आणि लिहून झाल्यानंतरच मारावा. फॉर्मला प्लास्टिकचे आवरण घालू नये, कारण त्याच्या चकाकीमुळे कॅमेऱ्याला ठिपके स्पष्ट दिसत नाहीत.

रेघ उतरली, पण अंक चुकला

हस्ताक्षर ओळखून अंक वेगळे काढण्याची सोय वापरणाऱ्यांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण इथे झालेली चूक मुलाच्या उपचारापर्यंत पोहोचते. आमच्या पाहणीत ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांच्या दंडाचा घेर मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बालक तीव्र कुपोषित गटात, आणि ११.५ ते १२.५च्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित गटात धरले जाते. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा अंक या मोजणीत निर्णायक असतो.

दशांश चिन्हासाठी पेन कागदाला क्षणभरच टेकते. सेकंदाला ५० छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला त्या क्षणात दोन-तीनच छायाचित्रे मिळतात आणि त्यांपैकी एकही नीट वाचता आले नाही तर टिंब हरवते, ११.४ चे ११४ होतात. उपाय म्हणजे दशांश चिन्ह लिहायला सांगूच नये. ते फॉर्मवर, अर्थातच कार्बन नसलेल्या रंगात, छापून ठेवावे आणि त्याच्या डावीकडे एकेका अंकाच्या दोन चौकटी आणि उजवीकडे एक चौकट द्यावी.

दुसरी अडचण आपल्या लिपीची आहे. आपण मराठी आणि इंग्रजी अंक एकाच ओळीत सहज मिसळतो आणि वाचणाऱ्याला ते अडत नाही. अंक ओळखणारी प्रणाली इंग्रजी अंकांसाठी लावलेली असेल तर मराठी १ तिला इंग्रजी नऊसारखा आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. आमच्याकडे ताईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलेले ११.४ हे प्रणालीने ९९.८ असे वाचले होते. ताईंची त्यात काहीही चूक नव्हती. प्रत्येक फॉर्मच्या वरच्या बाजूला ज्या लिपीचे अंक अपेक्षित आहेत ते शून्यापासून नऊपर्यंत नमुन्यादाखल छापावेत, आणि शक्य असल्यास प्रणालीच ताईंच्या सवयीप्रमाणे मराठी अंकांसाठी लावून घ्यावी. त्याबरोबर संगणकात मर्यादाही घालावी : दंडाचा घेर ७ ते २० सेंटिमीटरच्या बाहेर गेला की ती नोंद आपोआप स्वीकारली न जाता माणसाच्या नजरेखालून गेलीच पाहिजे.

पेनाचीच चूक असेल तर

वहीवरही रेघ तुटत असेल, तर टोकाशेजारची कॅमेऱ्याची खिडकी कोरड्या मऊ कापडाने पुसावी. शाईचा बारीक थर किंवा पीठ तिथे साचलेले असते. रेघेची सुरुवातच हरवत असेल तर रिफिल पूर्ण आत बसली आहे का ते पाहावे, कारण टोकाचा दाब जाणवल्यावरच कॅमेरा सुरू होतो. पेन खूप आडवे धरणाऱ्यांच्या रेघाही तुटतात. एवढे करूनही फरक पडला नाही, तरच पेन दुरुस्तीला पाठवावे, आणि सोबत वहीवर तिरप्या रेघा ओढलेले पान व त्याचे पडद्यावरील चित्र जोडावे. केवळ ‘पेन चालत नाही’ असे लिहून पाठवलेले पेन जसेच्या तसे परत येते.

आधीच हरवलेल्या नोंदींचे काय करावे

बिघाड लक्षात येईपर्यंत भरलेले फॉर्म टाकून देऊ नयेत आणि त्यांवर पुन्हा पेन गिरवून रेघा ‘उतरवण्याचा’ प्रयत्नही करू नये. त्यामुळे नोंदीची वेळ बदलते आणि मूळ लेखन झाकले जाते. कागदावरची माहिती संपूर्ण आहे, हरवला आहे तो फक्त दुवा. दोष सुरू झाल्याच्या गठ्ठ्याची तारीख ठरवून त्या दिवसापासूनचे सर्व फॉर्म वेगळे काढावेत, त्यांचे साधे स्कॅन करून घ्यावे आणि संगणकातील प्रत्येक फॉर्मशी रकाना-रकाना ताडून पाहावे. रिकामे रकाने हाताने भरताना ती नोंद कागदावरून भरली आहे अशी खूण आणि भरणाऱ्याचे नाव ठेवावे. आम्ही दोन जणांना एकच गठ्ठा स्वतंत्रपणे भरायला दिला आणि जिथे दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तिथे त्या गावच्या ताईंना फोन करून विचारले. बहुतेक वेळा त्यांना ते बाळ आणि तो दिवस आठवत होता.